तुमचं वजन उतरलं तेव्हा

दाजी, परवा गुरुवारी तुमच्या गावी आले होते. सकाळी साडेसहाला मैदानावर गेले तर पोरी पळत नव्हत्या. कडुलिंबाखाली गोल करून बसल्या होत्या, मधे परातीत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे. मला बघून उठायला लागल्या तसं मी त्यांना बसवलं. "आज आराम असतोय मॅडम," एक म्हणाली. "सरांनी सांगितलंय, गुरुवार मोडायचा न्हाई." तुम्हाला जाऊन त्या दिवशी अठरा दिवस झाले होते. ती 'सांगितलंय' म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही. त्यांच्यात बसले आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले.

पेपरात तुमच्याबद्दल छापून आलं त्यात तुमचा हुद्दा होता, नोकरीची वर्षं होती, किती मुलं-मुली तुमच्या हाताखालून पोलिसात आणि फौजेत लागली तेही होतं. ते सगळं मी पुन्हा लिहीत नाही. त्यात आपलं भांडण नव्हतं. अक्काचा नवरा म्हणून तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी दहावीत होते, आणि तेव्हापासून तुम्ही मला डॉक्टरीणबाई म्हणत होतात. पुढं मी खरोखरच डॉक्टर झाले, तरी रोगी तपासणारी झाले नाही, सांगलीच्या कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी झाले. तुम्हाला हा फरक कधी पटला नाही. "डॉक्टर ती डॉक्टर," असं तुमचं म्हणणं. या एका गोष्टीवर तुमचं ऐकलं असतं तर, असं मी आता म्हणते. त्याबद्दल पुढं लिहिते.

आपलं भांडण जिलेबीवरून सुरू झालं. तुम्ही नुकतेच फौजेतून रिटायर होऊन आला होतात. दिवाळीत तुम्ही आणि अक्का सांगलीला आमच्याकडे आलात. जेवल्यावर तुम्ही सहा जिलब्या खाल्ल्यात आणि पोटावर हात फिरवत म्हणालात, "उद्या सकाळी दोन चकरा जादा. जळून जातंय सगळं."

"जळत नाही दाजी," मी म्हणाले.

शिकवायला लागून मला तीनच वर्षं झाली होती. त्या वयात समोरचा ऐकतोय की नाही याची फारशी फिकीर नसते. मी तुम्हाला पूर्व आफ्रिकेतल्या त्या लोकांबद्दल सांगायला लागले, जे अजून शिकार करून, मध काढून, कंद उकरून जगतात. त्यांच्यातले पुरुष सकाळी निघाले की उन्हं कलेपर्यंत चालत असतात, बायका पोर पाठीशी बांधून दगडासारख्या जमिनीत कंदांसाठी खणत असतात. त्यांचं शरीर दिवसभरात एकूण किती ऊर्जा खर्च करतं ते मोजलं गेलं तेव्हा मोजणारेच चक्रावले. अंगकाठीचा फरक लक्षात घेतला तर तो खर्च शहरात खुर्चीवर बसणाऱ्या माणसाइतकाच निघाला. चालण्यात जे जास्त जातं ते शरीर दुसरीकडून कमी करतं. कुठून, ते बाहेरून दिसत नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि मान हलवलीत. "हे कसं हुईल? तुझ्या नवऱ्याच्या कुपवाडच्या कारखान्यात माल चढवणारी माणसं बघ. हाय का एकाला तरी ढेरी? आणि हापिसातला क्लार्क बघ."

"माल चढवणाऱ्यांना पोटभर मिळतं का, ते आधी बघा."

"तू बघितलंयस?"

मी बघितलं नव्हतं. अक्का आतून म्हणाली, "दिवाळी हाय. दोघांनी बी गप बसा." निघताना चपला घालता घालता तुम्ही विचारलंत, "मग पळायचं कशाला, तेवढं सांगून ठेव." हा प्रश्न तुम्ही मला पुढं बारा वर्षं विचारत राहिलात. मी दर वेळी थोडं थोडं उत्तर दिलं, आणि दर वेळी तुम्ही ते अपुरं ठरवलंत.

माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आताही हेच आहे. गोरिला आणि चिंपांझी दिवसाचा बराच वेळ बसून, लोळून, पाला-फळं खाऊन काढतात. त्यानं त्यांचं काही बिघडत नाही. आपले पूर्वज लाखो वर्षांपूर्वी त्यांच्यापासून वेगळे झाले आणि चालायला लागले. अन्न लांबलांब पसरलेलं, आज मिळेल त्याची उद्या खात्री नाही. त्या चालण्यावर आपलं काळीज, रक्तवाहिन्या, हाडं, डोकं सगळं घडत गेलं. डोकं तर फार खादाड, झोपेतसुद्धा त्याला पुरवठा लागतो, म्हणून अंगावर चरबी साठवायची सवयही लागली. ज्यांची शरीरं टंचाईत स्वतःला आवरू शकली ती टिकली. आपण त्यांची लेकरं. म्हणून आपण पळायला लागलो की शरीर वजन सोडत नाही, आधी भूक वाढवतं, मग आतले दुसरे खर्च आटपतं. आणि आपण नुसते बसून राहिलो की वाचलेली ऊर्जा ते नको त्या ठिकाणी घालवतं. आत सूज धरून ठेवतं, जरा कुठं खुट्ट झालं की उगाच घाबरून उठतं. पळल्यानं माणूस बारीक होत नाही, पण शरीराच्या या आतल्या उचापती थांबतात. पळायचं ते त्यासाठी.

तुमचं म्हणणं असं की हे कुठल्याही पोरीला सांगून ती पहाटे उठणार नाही.

मग मनीषाचं झालं.

ती शेजारच्या गावची, एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी तुमच्याकडे यायची. सकाळी सायकलवर नऊ किलोमीटर, मग तुमचं पळणं, दंड-बैठका, गोळाफेक, मग पुन्हा सायकल, आणि घरी गेल्यावर जनावरांचं सगळं तिच्याकडे. तुम्ही पोरींना सांगितलं होतं, अंग हलकं ठेवा, भात बंद करा. इतर पोरी घरी जाऊन गुपचूप भात खायच्या. मनीषानं खरंच बंद केला. सकाळी चहा-बटर, दुपारी एक भाकरी. तिचा आठशे मीटरचा वेळ आधी सुधारला, मग सुधारायचा थांबला, मग बिघडायला लागला. नडगी दुखते म्हणाली तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत, दुखणं डोक्यात असतं. एका सकाळी शेवटच्या वळणावर ती बसली ती उठलीच नाही. साताऱ्याला नेलं तर नडगीच्या हाडाला चीर गेलेली.

त्याच आठवड्यात मी अक्काला भेटायला आले होते. मनीषा प्लास्टर घालून तुमच्या ओसरीवर बसली होती, तिचे वडील शेजारी. मी तिला आत बोलावून विचारलं. आठ महिने तिची पाळी आली नव्हती. तिला वाटत होतं, पळणाऱ्या मुलींचं असंच असतं. मी बाहेर आले आणि तिच्या वडिलांसमोर तुम्हाला म्हणाले, "दाजी, हिचं हाड पळून मोडलेलं नाही. तुम्ही मोडलंय. तिला खायला न देता."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ड्युटीवरचा माणूस वरिष्ठाकडून ऐकून घेतो तसे तुम्ही सरळ उभे राहिलात, मग आत जाऊन दार लोटलंत. मनीषाच्या वडिलांनी काय करावं न सुचून टोपी काढून पुन्हा घातली. अक्का मला म्हणाली, "एकट्यात सांगता आलं नसतं?"

आलं असतं. हे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. मी जे बोलले ते खरं होतं, म्हणून मला वाटत राहिलं की माफी मागायची गरज नाही. चार माणसांत बोलल्याबद्दल तरी मागायला हवी होती. आज मागते.

पंधरा दिवस तुमचा फोन आला नाही. सोळाव्या दिवशी तुम्ही स्वतःच कॉलेजच्या फाटकात उभे. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून आला होतात, खांद्याला शबनम, हातात दोनशे पानी वही. म्हणालात, "मला पहिल्यापासनं सांग. पोरांना शिकवतीस तसं. भांडायचं न्हाई." माझा पहिल्या वर्षाचा तास होता. मी तुम्हाला वर्गात घेऊन गेले. शेवटच्या बाकावर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांत तुम्ही ताठ बसलात आणि पाऊण तास एकही शब्द न बोलता लिहीत राहिलात. त्या दिवशी मी नेमकं हेच शिकवत होते, की शरीराला कमी पडायला लागलं की ते काय काय बंद करतं. आधी वाढ, मग पाळी, मग हाडांची डागडुजी, मग रोगाशी लढणं. जीव वाचवायचा, बाकीचं पुढं बघू. टंचाईच्या काळात बाईला मूल राहिलं तर दोघंही जातील, म्हणून शरीर ती वाटच बंद करून टाकतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला काय माहीत की बाहेर दुष्काळ पडलेला नाही, भरती निघाली आहे.

तास संपल्यावर कॅन्टीनमध्ये चहा घेताना तुम्ही वही उघडलीत. "म्हंजे असं बघ. विहिरीला पाणी ठरलेलं. मी सगळं पाणी उसाला सोडलं, तर मेथीचा वाफा वाळणारच. आणि मी वर वाफ्यालाच शिव्या दिल्या."

"असंच आहे, दाजी."

"हे बारा वर्षं सांगत व्हतीस व्हय?"

"हेच सांगत होते."

"मग असं सांगायचं की."

तुम्ही दुपारच्या गाडीनं परत गेलात. पुढचं मला अक्कानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या पोरींना उभं केलंत आणि म्हणालात, मनीषाचा पाय माझ्या चुकीनं मोडला, भात खायचा, पोटभर खायचा, आणि गुरुवारी पळायचं नाही. सैन्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस पंचवीस पोरींसमोर असं म्हणाला. पाळीबद्दल विचारायची तुम्हाला लाज वाटत होती, म्हणून ते काम तुम्ही अक्काकडे दिलंत. दर महिन्याला अक्का ओसरीवर बसून एकेकीला विचारायची आणि जिची चुकली असेल तिचं पळणं निम्म्यावर यायचं. तुम्ही कारण विचारायचा नाहीत. अक्का नुसतं नाव सांगायची. मनीषाच्या घरी तुम्ही आठवड्याला अंडी पोचवत होतात, तिचं हाड भरून येईपर्यंत. हे मला तिच्याच तोंडून कळलं, तुम्ही गेल्यावर.

माणूस माणूस झाला त्यात वाटून खाण्याचा मोठा वाटा आहे असं मी वर्गात शिकवते. शिकारीला गेलेला रिकाम्या हातानं आला तरी त्याला कंद मिळायचे, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब जायची हिंमत करू शकायचा. इतर माकडं असं करत नाहीत, ज्याचं त्यानं शोधायचं आणि खायचं. हे शिकवताना मी हल्ली तुमच्या गुरुवारच्या परातीचं उदाहरण देते. नाव घेत नाही.

एका बाबतीत मात्र तुम्ही सुरुवातीपासून बरोबर होतात आणि मी ते मान्य केलं नाही. तुम्ही मला म्हणायचा, "तू सगळं जाणतीस आणि बसतीस." मी खरंच बसत होते. सकाळी गाडीतून कॉलेज, कॉलेजात खुर्ची, घरी येऊन पुन्हा खुर्ची. माणसाच्या शरीराला चालणं का लागतं हे सांगणारी व्याख्यानं मी बसून तयार केली. पंचेचाळिसाव्या वर्षी माझी साखर वाढलेली निघाली तेव्हा मी ती तुम्हाला कळू दिली नाही. अक्काला सांगितलं आणि तिला शपथ घातली. तिनं शपथ पाळली नाही बहुतेक, कारण त्याच महिन्यात तुम्ही मला पळायचे बूट पाठवलेत, बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. ते मी कपाटात ठेवले.

आता त्या लग्नाबद्दल.

मिरजेला आपल्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, माघात. पंगतीत आपण शेजारी बसलो होतो. तुम्ही वाकून मला म्हणालात, "डॉक्टरीणबाई, एक दाखवायचंय," आणि शर्ट जरा वर करून कमरेचा पट्टा दाखवलात. त्याला तुम्ही दोन नवी भोकं पाडली होती. "सहा किलो. तीन महिन्यांत. तू म्हणतीस पळून वजन उतरत न्हाई."

मी हसले. मोठ्यानं हसले, पलीकडच्या बायका वळून बघण्याइतकी. "तुम्ही खाणं कमी केलंय, दाजी. कबूल करा."

"तेवढंच खातोय. तुझ्या अक्काला विचार. पळतोय बी तेवढंच."

"मग काटा बिघडलाय."

"काटा न्हाई बिघडला," तुम्ही म्हणालात. मग तुम्हीही हसलात, शर्ट खाली केलात, आणि मसालेभात मागून घेतलात. त्यातला निम्मा ताटात राहिला. तोही मी बघितला.

दाजी, मी तुम्हाला बारा वर्षं काय सांगत होते? खाणं तेवढंच आणि पळणं तेवढंच असेल तर वजन उतरत नाही. साठीच्या माणसाचं तीन महिन्यांत सहा किलो वजन कारणाशिवाय उतरलं, तर ते कारण शोधायचं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे परीक्षेत लिहिता आलं असतं. माझ्याच शास्त्रानं त्या पंगतीत मला स्पष्ट सांगितलं होतं की काहीतरी बिघडलंय. मी ते ऐकलं नाही, कारण मी वाद जिंकत होते.

दोन महिन्यांनी अक्काचा फोन आला, ह्यांचे डोळे पिवळे दिसतायत. मी तुम्हाला मिरजेला आणवलं. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती आणि ती शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसली होती. ऑपरेशन होण्यातलं नव्हतं. मी सर्जनना बाहेर गाठून विचारलं, दोन महिने आधी आणलं असतं तर? ते ओळखीचे होते, मला बरं वाटावं म्हणून बोलणारे नव्हते. म्हणाले, "सांगता येत नाही. बहुतेक काही फरक पडला नसता." त्यातलं 'बहुतेक' तेवढं माझ्याजवळ राहिलं.

नळी घालून पित्ताची वाट मोकळी करून तुम्हाला गावी आणलं. मी दर शनिवारी येत होते. तुम्ही ओसरीवरच्या कॉटवर, मैदान दिसेल अशा बाजूला डोकं करून. दर आठवड्याला तुम्ही आदल्या आठवड्यापेक्षा कमी असायचा. आधी खांदे गेले, मग मांड्या, मग गालफडं. एका शनिवारी तुम्ही माझ्यासमोर हात धरलात, दंडाची कातडी चिमटीत पकडून ओढून दाखवलीत.

"एक सांग. मी पळत न्हाई. चालत बी न्हाई. दिवसभर पडून हाय. अक्का चारतीया तेवढं खातोय. मग हे सगळं जातंय कुठं?"

तुम्ही हा प्रश्न वादासाठी विचारला नव्हता. मी खुर्ची जवळ ओढली आणि वर्गात सांगते तसं सांगितलं, कारण तुम्हाला तसंच आवडायचं. स्वादुपिंड बिघडलं की खाल्लेलं नीट पचत नाही, अंगी लागत नाही. आणि गाठ आहे तोवर शरीर रात्रंदिवस धोक्याची घंटा वाजवत राहतं. जखम झाली, ताप आला, तर आपलं शरीर चार दिवस स्नायू मोडून लढाईला रसद पुरवतं, ही त्याची जुनी रीत. चार दिवसांत माणूस जगायचा किंवा मरायचा, म्हणून रीत तेवढ्यापुरतीच घडली. महिनोन् महिने चालणाऱ्या लढाईसाठी ती घडलेलीच नाही. थांबायचं कधी हे तिला कळत नाही.

तुम्ही दंडाची चिमूट सोडलीत. मग म्हणालात, "म्हंजे आतनं कुणीतरी रगडा लावलाय. आणि शिट्टी वाजवायला कोण न्हाई."

रगडा म्हणजे फौजेत शिक्षा म्हणून करून घेतात ती कवायत. तुम्ही तो शेकडो जणांना लावला असेल. मी म्हणाले, "हो, तसंच."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटत व्हतं माझंच काय तरी चुकतंय. खायला कमी पडतोय मी." अक्कानं भरवलेलं तुम्ही ओकारी येईपर्यंत का खात होतात ते मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून अक्कानं तुम्हाला आग्रह करायचा सोडला आणि तुम्हाला जरा स्वस्थता मिळाली. शास्त्र शिकून मी तुमच्या उपयोगी पडले असेन तर तेवढी एक दुपार.

तुम्ही गेल्यापासून मी चालते. कपाटातले बूट काढले. सांगलीच्या घाटावर सकाळी पाऊण तास, नदी डावीकडे ठेवून जायचं आणि उजवीकडे ठेवून यायचं. वजन तसूभर उतरलेलं नाही. साखर उतरायला लागली आहे, झोप लागते, वर्गात पोरांवर चिडणं कमी झालंय. तुम्ही म्हणाल, मी सांगत होतो. मी म्हणेन, मीही तेच सांगत होते. हे भांडण मिटवायला आता दोघांपैकी एकच उरलंय.

परवा मैदानावरून मी घरी आले तेव्हा अक्का भाकऱ्या थापत होती. तेराव्यानंतर ती पहिल्यांदाच चुलीपुढं बसली होती. माझ्यापुढं ताट ठेवलं, पिठलं, भाकरी, कांदा. मी जेवत असताना ती सहज बोलावं तसं बोलायला लागली.

"तुला एक सांगायचं राह्यलंय. त्या मिरजेच्या लग्नाआधी हे लय घाबरले व्हते."

मी विचारलं, कशानं?

"वजनानं. पट्ट्याला भोक पाडलं त्या दिवशी मला म्हणाले, हे काय चांगलं लक्षण न्हाई. दवाखान्यात जावा म्हटलं तर जाईनात. म्हणाले, दवाखान्यात गेलो तर उद्यापासनं मैदान बंद, पोरींची भरती दोन महिन्यांवर आलीया. लग्नात डॉक्टरीणबाई भेटंल, तिला दाखवतो. विचारणार न्हाई, नुसतं दाखवतो, आणि तिच्या तोंडाकडं बघतो. तिला खोटं तोंड करता येत न्हाई."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता.

"आणि तू हसलीस," अक्का म्हणाली. "गाडीत बसल्या बसल्या मला म्हणाले, हसली गं ती. मोकळी हसली. काय न्हाई आपल्याला. त्या राती किती दिवसांनी गाढ झोपले. दोन महिने नुसते त्या पोरींच्या मागं. साताऱ्याला भरतीच्या ग्राउंडवर दिवसभर उन्हात उभे. मनीषा लागली, ती पाटलांची लागली, पेढे वाटले. मग डोळं पिवळं झालं." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "ते दोन महिने तुझ्यामुळं मिळाले त्यांना. मी कवापासनं म्हणणार व्हते. तुझं लय उपकार हायत."

ती मनापासून बोलत होती. तिच्या आवाजात दुसरं काही नव्हतं, मी नीट ऐकलं. सर्जननी सांगितलं ते खरं असेल तर तीही खरं बोलत होती. नसेल तर काय, ते मला कधी कळणार नाही. तिला ते 'बहुतेक' सांगायचं की नाही हेही मला ठरवता येत नव्हतं. त्या पंगतीत तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होतात दाजी, आणि मी तुमच्या पट्ट्याकडं.

"अजून एक घे," अक्का म्हणाली आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती सगळी खाल्ली. तिलाही माझ्यासमोर बसवून खायला लावलं, दीड भाकरी खाल्ली तिनं. मग ताटं घासून मी साडेतीनच्या गाडीनं सांगलीला आले.